घोळबाबाचं मढं कुणी पाहिलं?

मावशीने मला खोली दिली ती माझं डिग्री सर्टिफिकेट बघून.

भाईंदर पश्चिमेला, खाडीच्या अंगाला तिचं घर. खाली ती एकटी, वर भाड्याची एक खोली. मी बघायला गेले तेव्हा तिने माझी जात विचारली नाही, लग्न विचारलं नाही, रात्री किती वाजता येणार तेही विचारलं नाही. कोलंबी सोलता सोलता एवढंच म्हणाली, "शिकलीस किती?"

"बी.कॉम. झाले. आमच्या घरात पहिलीच."

हे दुसरं वाक्य मी नेहमी जोडते, कोणी विचारो न विचारो. वडील गवंडी, आई पापड लाटायला जायची. त्यांच्या पोरीने डिग्री घेतली ती गप्प बसायला नाही.

"कागद हाय?" मावशी म्हणाली.

मी पिशवीतून काढून दाखवला. तिने हात धुतले, पदराला पुसले, कागद दोन्ही हातांनी धरला आणि परत दिलाच नाही. आठवड्याभरात तो फ्रेम होऊन तिच्या खालच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या शेजारी, नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोखाली लागला.

"मावशी, ते माझं आहे," मी म्हटलं.

"मंग मी कुठं बोललं माझं हाय? वर तुझ्या खोलीत कोन बघील? इथं चार मानसं येतात."

येणाऱ्या प्रत्येकाला ती भिंतीकडे बोट करून सांगायची, "आमच्याकडं ग्रॅज्युएट हाय." नवीन फ्रीज दाखवावा तसं. त्या घरात मला नाव असं उरलंच नाही. "ए ग्रॅज्युएट, च्या ठेव." "ए ग्रॅज्युएट, तुझा डबा राहिला." मला, खरं सांगते, राग यायचा नाही. पुढे लग्न होऊन मी चेण्याला राहायला गेले, पण सर्टिफिकेट अजून त्याच भिंतीवर आहे.

पहिले काही दिवस मी तिला "तुम्ही" म्हणायचे. तिने एकदा मागे वळून पाहिलं. "तुमी बोललीस का मना वाटतं मागं आजून कोनतरी हुबं हाय. तू बोल."

मावशी मच्छी विकायची. जन्मापासून कोळीवाड्यातली, आणि आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला घरच्या घरी ऐकल्यासारखा यायचा. सोसायटीतल्या बायका तिसऱ्या मजल्यावरून भाव विचारायच्या आणि मावशी मान वर न करता खालून उत्तर द्यायची. घासाघीस झाली तर अख्ख्या इमारतीला कळायचं कोण किती चिंधी आहे. त्यामुळे तिच्याशी घासाघीस फारशी होत नसे. हातात स्वतःच्या कमाईच्या सोन्याच्या बांगड्या. हात हलला की त्या बोलायच्या, आणि मावशीचा हात सतत हलायचा.

अशा बाईला चिनी मालिकेचा नाद लागला.

त्यात माझा काही हात नाही, हे आधीच सांगते, कारण कोळीवाड्यात अजून तसं बोलतात. शनिवारी मारुतीचा वार, गिऱ्हाईक कमी; ती दुपारी घरी यायची आणि मोबाईल उशीला टेकवून काहीबाही लावायची. एका शनिवारी सुरमईच्या कालवणाचा व्हिडिओ संपला आणि त्याच्या पाठोपाठ आपोआप ही मालिका सुरू झाली. कार्टूनच, पण मोठ्यांचं. डोंगरावरचे मठ, मठांत गुरू आणि शिष्य. ते वर्षानुवर्षं साधना करतात, एकेक पायरी वर चढतात, तलवारीवर उभं राहून आकाशातून जातात, आणि शेवटी अमर व्हायचं असतं. कुणीतरी त्याला हिंदी आवाज चढवलेला. दर शनिवारी नवीन भाग. मी संध्याकाळी ऑफिसातून आले तर मावशी मोबाईलसमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"बसला! परत बसला! आरं उठ की मेल्या, घरात काय काम न्हाय?"

नायक गुहेत ध्यानाला बसला होता. हिंदी आवाज म्हणाला, तीनशे वर्षांनंतर.

"तीनशे वर्सं," मावशी माझ्याकडे वळून म्हणाली. "आमच्या आळीत पन एक होता असा बसनारा. बायकोनं जाळी शिवायला लावला, उतरलं सगलं ध्यान."

तिला ती चिनी नावं काही केल्या जमेनात. मग तिने आपली दिली. नायक गोरा, लांबुळका, पांढऱ्या कपड्यांत, अंगात हाड नसल्यासारखा लवतो, म्हणून तो बोंबील. त्याची मैत्रीण, रुपेरी झग्यातली, पापलेट. फुगून फुगून बोलणारा आणि पोटात विष असलेला दुसऱ्या मठाचा मालक तो केंड, त्या फुगणाऱ्या विषारी माशासारखा. आणि नायकाचे गुरू, पांढऱ्या दाढीचे, मोठे, शांत, ते घोळ. घोळ म्हणजे मोठा आणि फार मोलाचा मासा. जाळ्यात सापडला तर कोळ्याचं नशीब उघडतं. गुरूला ती मानाने घोळबाबा म्हणायची.

तलवारीवरून उडणाऱ्यांवर तिचा विशेष राग. "आख्खा जल्म कोयत्यावर बसून मच्छी कापली मी. एकदा तरी उडला काय माजा कोयता?"

आणि वीज. या मालिकेत वरच्या पायरीवर जायचं तर आकाशातून वीज पडते आणि ती अंगावर झेलावी लागते. बोंबील उघड्या अंगाने डोंगरावर उभा राहिला की मावशी ओरडायची, "झाडाखाली हुबा राहू नको! येवरं तरी शिकवा रे कोनी त्याला!"

मला हसू आवरायचं नाही. एकदा मी तिचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि त्या मालिकेच्या चाहत्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, त्यात टाकलं. माझा हात असलाच तर एवढाच. ग्रुप मोठा होता. मीरा रोडची पार्लरवाली, नागपूरचा इंजिनिअरिंगचा पोरगा, पाटण्याचे, इंदूरचे, नेपाळमधलेही दोघंतिघं. दर शनिवारी भाग आला की तिथे नुसता कल्लोळ. कोणाचे रडके चेहरे, कोणाच्या आगी, कोणी म्हणणार ॲनिमेशन बिघडलं, कोणी म्हणणार नायकाचे केस मागच्या भागात जास्त चांगले होते. त्यात मावशीचा आवाज पडला आणि सगळे थांबले. मग एकाने विचारलं, "ये आंटी कौन है? और चाहिए."

तेव्हापासून तो रिवाज झाला. शनिवारी भाग संपला की आधी मावशी बोलायची, मग ग्रुप. जशी बाजारात पहिली विक्री, भवानी, झाल्याशिवाय दुसऱ्या गिऱ्हाइकाला हात लावत नाहीत, तसं मावशीची भवानी झाल्याशिवाय तिथे कोणी तोंड उघडत नसे. ती बोलायची तिच्या हिंदीत, म्हणजे अर्धं बाजाराचं, अर्धं कोळीवाड्याचं. "देखो, मैं क्या बोलती, इसमें बोंबील का गलती हाय. पापलेट उसको पयलेच बोली होती." नागपूरच्या पोराने आयुष्यात घोळ पाहिला नव्हता, पण तोही गुरूला घोळबाबा म्हणायला लागला.

काहीजण मूळ कादंबरी आधीच वाचून बसलेले. ते पुढचं सांगायला जायचे. त्यांच्यावर मावशीने एकच वाक्य टाकलं होतं, "लगीन लागायच्या आदी पोराचं नाव सांगतो मेला." मी त्याचं हिंदी करून टाकलं. पुन्हा कोणी पुढचं सांगायला गेलं नाही.

आणि मग घोळबाबा गेले.

केंडाने कपट केलं, बोंबलाचा जीव धोक्यात आला, आणि त्याच्यावर पडणारी वीज घोळबाबांनी स्वतःवर घेतली. पडदा पांढरा झाला. धूर निवळला तेव्हा डोंगरावर फक्त त्यांची काठी. बोंबील गुडघ्यांवर. मागे ती चिनी बासरी. मी स्वतः नाक पुसत होते. ग्रुपवर भवानीचा रिवाज मोडून रडारड सुरू झाली होती, पार्लरवालीने तर लिहिलं की तिने एका गिऱ्हाइकाच्या भुवया अर्ध्या सोडल्यात.

मावशीने माझ्या हातातून मोबाईल घेतला. डोळे कोरडे ठणठणीत.

"कोन रडतंय रे? रडने का नहीं. मुडदा देखा क्या तुमने? नहीं ना? काठी देखा. काठी पड्या तो आदमी मर गया क्या? बॉडी दिखी क्या?"

कोणीतरी लगेच त्याचं स्टिकर बनवलं. कोयता घेतलेली कोळीण आणि खाली: बॉडी दिखी क्या? पुढे त्या ग्रुपवर कोणाचा निकाल लागायचा राहिला, कोणाला नोकरीचं उत्तर आलं नाही, की हेच स्टिकर.

पण ते वाक्य मावशीने विनोदाला केलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने मला सांगितलं. ती लहान असताना तिच्या वडिलांची होडी वादळात परतली नाही. बाकीच्या आल्या, ती नाही. आळीतल्या बायका घरात येऊन गळा काढायला लागल्या, तेव्हा तिची आई उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, मढं दिसलं का कुणाला? न्हाय ना? मग माझ्या घरात रडायचं न्हाय. तिने रोजच्यासारखी चूल पेटवली. नवऱ्याचं ताट वाढून झाकून ठेवलं. बायका मागे बोलल्या, येडी झाली. आणि एका दुपारी तो माणूस अर्नाळ्याच्या एका होडीतून उतरून चालत घरी आला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. आई तवा रडली. आला तवा. लय रडली, त्याला जेवू पन देईना." मावशी कोलंबीची टरफलं गोळा करत होती. "रडन्याला पन टायम हाय, ग्रॅज्युएट. आदी रडलं का दर्या ऐकतो."

मालिका काही महिन्यांसाठी बंद झाली. पुढचा सीझन यायचा होता. त्या मधल्या काळात मावशीचा आवाज बसला.

आधी तिने लक्षच दिलं नाही. आलं-गूळ, हळदीचं दूध, एकदा कोणाच्या सांगण्यावरून कांद्याचा रस. आवाज चिरकायला लागला. एक दिवस बाजारात समोरच्या रस्त्यावरच्या बाईने भाव विचारला आणि मावशीच्या तोंडून हवा आली फक्त. शेजारची मच्छीवाली हसून म्हणाली, "काय गो, म्हातारी झालीस?" मावशी हसली नाही. पाटी तशीच झाकली आणि घरी आली. तिला भरल्या पाटीसह घरी येताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मीरा रोडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी तिला नेलं. त्यांनी घशात दुर्बीण घातली आणि पडद्यावर आम्हाला दाखवलं: स्वरयंत्राच्या पट्टीवर एक गाठ.

"मिश्री लावता?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. ती रोज सकाळी मिश्री लावायची, भाजलेली तंबाखू, दातांना. कोळीवाड्यातल्या तिच्या वयाच्या सगळ्याच लावतात.

डॉक्टर म्हणाले, गाठ काढायची, तपासायला पाठवायची, काय आहे ते रिपोर्ट सांगेल. नंतर मी सांगेपर्यंत पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही.

घरी आल्यावर तिने मिश्रीचा डबा उघडला, मोरीत ओतला आणि वरून दोन तांबे पाणी टाकलं. मालिकेत कोणी वरच्या पायरीवर चढलं की त्याच्या अंगातून काळी घाण बाहेर पडते, तेव्हा ती नाक धरायची. "गेली बग काली घान," ती त्या फाटक्या आवाजात म्हणाली. मला हसायचं होतं. जमलं नाही. ते तिने पाहिलं.

"रिपोर्ट आला काय?"

"नाही."

"मंग तोंड कशाला असं करतंस?"

ऑपरेशनच्या दिवशी बांगड्या काढायला सांगितल्या. तिला मूलबाळ नाही. तिने त्या माझ्या मनगटात सरकवल्या, एकेक करून, साबण लावून. स्ट्रेचर हलायच्या आधी म्हणाली, "सांबाल. आनि डोल्याला ओढनी लावलीस तर खोली खाली कर." जुन्या आवाजातलं तिचं हे शेवटचं वाक्य. मी बाहेर बाकावर त्या बांगड्या हाताने घट्ट धरून बसले होते, वाजू नयेत म्हणून.

मग मौन. तिला सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं, त्यामुळे पाटी-पेन्सिल कामाची नव्हती. तिने बांगड्या परत घातल्या आणि त्यांना कामाला लावलं. एकदा वाजवल्या की चहा. दोनदा वाजवल्या की इकडे ये. एकसारख्या खुळखुळवल्या की समजायचं, मी काहीतरी मूर्खासारखं बोलतेय. हे तिसरं सगळ्यात जास्त व्हायचं.

ग्रुपला काय सांगायचं? नवीन सीझन सुरू होत होता आणि मावशीची भवानी नाही. मी लिहिलं की आंटीचं घशाचं ऑपरेशन झालंय, त्या गुहेत बसल्यात, बाहेर येतील तेव्हा बोलतील. त्या लोकांना गुहेत बसणं म्हणजे काय ते समजावं लागत नाही. शुभेच्छांचा पाऊस पडला. नेपाळच्या पोराने लिहिलं, मोठी माणसं बसल्याशिवाय वर चढत नाहीत.

पण एकाने अर्धंच वाचलं. पाटण्याचा कोणी होता. ग्रुपवरचा मावशीचा फोटो घेतला, त्याला झेंडूचा हार चढवला, खाली दिवा, आणि लिहिलं, आंटीजी को भावभीनी श्रद्धांजली.

मावशी समोर बसून पेज पीत होती.

मी काही लिहायच्या आत ग्रुपवर स्टिकर आलं. कोयता घेतलेली कोळीण. बॉडी दिखी क्या? मग दुसरं. मग पार्लरवालीचं, नागपूरचं, इंदूरचं, ज्यांनी कधी एक शब्द लिहिला नव्हता अशांचं. बॉडी दिखी क्या, बॉडी दिखी क्या, बॉडी दिखी क्या. वर सरकवत सरकवत माझं बोट दुखलं. पाटण्याच्या बिचाऱ्याने फोटो काढून टाकला आणि हात जोडले, तरी येतच होतं.

बांगड्या दोनदा वाजल्या. मी मोबाईल लपवायला गेले, तर बांगड्या खुळखुळल्या. दाखवला. तिने हार पाहिला (कोणीतरी तो पुन्हा चिकटवलाच होता), मग खालची ती अख्खी रांग पाहिली. हसायला मनाई होती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि खांदे हलवत हसली, इतकी की मला तिची पेज धरावी लागली.

रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. त्याआधीच्या शनिवारच्या भागात घोळबाबा आले.

पहिल्यांदा दारावरच्या पडद्याआड नुसती सावली. बोंबील पाठमोरा, एकटाच चहा ओततोय, रिवाजाने गुरूचाही एक पेला भरतोय. मागून एक हात आला आणि तो पेला उचलला. बस. पुढे नावं सुरू झाली.

मी किंचाळले. मावशीकडे पाहिलं तर तिच्या दोन्ही गालांवरून पाणी. आवाज नाही, हुंदका नाही. एवढी वर्षं तिच्या घरात राहिले, नवऱ्याच्या वर्षश्राद्धालाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

ग्रुपवर शुकशुकाट. सगळ्यांनी भाग पाहिला असणार, पण कोणी टिंबही टाकलं नाही. भवानीसाठी थांबले होते.

मावशीने मोबाईलकडे बोट केलं. मी म्हटलं, "अगं, बोलायचं नाहीये." बांगड्या खुळखुळल्या. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरलं. तिने हात मोबाईलजवळ नेला आणि बांगड्या वाजवल्या. आधी हळू, मग जोरात, मग लग्नाच्या बँडसारख्या, आणि शेवटी मांडीवर एक थाप. एवढंच पाठवलं.

नागपूरच्या पोराने उत्तर दिलं, "समझ गए, आंटी." आणि मग जो कल्लोळ उठला तो उठला.

त्या आनंदातही मला सोमवार दिसत होता. रविवारी मी दोनदा भाजी करपवली. मावशीने कोयता काढून धार लावून घेतली, पाटी घासली, उन्हात ठेवली. जणू मंगळवारी बाजारात जायचंच आहे.

सोमवारी डॉक्टरांनी पाकीट उघडलं. वाचलं. डॉक्टर लोकांना वाचायला इतका वेळ का लागतो मला माहीत नाही.

"साधी गाठ होती," ते म्हणाले. "कॅन्सर नाही. घसा पण छान भरलाय. मिश्री मात्र बंद म्हणजे बंद."

मी ओढणीचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं, वर नेलं नव्हतं. खोली खाली करायची नव्हती मला. समोरची खिडकी मात्र पाण्यातून पाहिल्यासारखी हलत होती.

"चला मावशी, आता बोलून दाखवा," डॉक्टर म्हणाले. "हळू. ताण न देता. एकच शब्द."

मावशीने डॉक्टरांकडे पाहिलं. मग वळून माझ्याकडे, माझ्या मुठीकडे. घसा खाकरायला गेली, डॉक्टरांनी बोट हलवलं, ती थांबली. आणि मग एक आवाज आला, पूर्वीपेक्षा जाड, खालचा, पण गळ्यातून आलेला, पुरा.

"आता रड."

मी रडले. ओढणी पुरली नाही. डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा पुढे केला. मावशीने मूठभर ओढून काढले, दोन मला दिले आणि बाकीचे आपल्या पिशवीत टाकले.

"एक शब्द सांगितला होता, मावशी. तुम्ही दोन बोललात," डॉक्टर म्हणाले.

तिने मान डोलावली. मग हात वर करून बांगड्या एकदाच वाजवल्या. डॉक्टरांना काही कळलं नाही. मी डोळे पुसत उठले आणि दवाखान्यासमोरच्या टपरीवर दोन कटिंग सांगायला गेले.